इमारत नियमांची संगणकीय पडताळणी

नियोजित इमारत त्या ठिकाणी लागू असलेल्या बांधकाम नियमांत बसते की नाही, हे तिच्या अंकीय प्रतिमानावरून संगणकाकरवी तपासून घेण्याची पद्धती. अंकीय प्रतिमान म्हणजे केवळ संगणकावर काढलेला नकाशा नव्हे. नकाशात भिंत दोन समांतर रेषांनी दाखविलेली असते; या रेषा भिंतीच्या आहेत, कुंपणाच्या किंवा गटाराच्या नाहीत, हे नकाशा वाचणारा माणूस स्वतःच्या जाणकारीने ओळखतो. प्रतिमानात भिंत ही ‘भिंत’ म्हणूनच नोंदविलेली असते. तिची लांबी, उंची, जाडी, द्रव्य, ती किती तास आगीला दाद देणार नाही याची नोंद, तिच्या दोन्ही अंगांस असलेल्या खोल्या आणि तिच्यात बसविलेली दारे यांचे परस्परसंबंध त्यात साठविलेले असतात. अशा प्रतिमानाला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल’ किंवा संक्षेपाने ‘बिम’ असे म्हणतात. माहिती अशा स्वरूपात उपलब्ध झाल्यामुळे संगणकाला इमारतीविषयी प्रश्न विचारणे शक्य झाले. नियमांची पडताळणी हा अशा प्रश्नांचाच एक मोठा आणि अवघड संच होय.

पारंपरिक पद्धतीत वास्तुविशारद नकाशांचे संच स्थानिक प्राधिकरणाकडे दाखल करतो आणि तेथील अभियंते मोजपट्टी व नियमपुस्तक हाती घेऊन सामासिक अंतरे, चटई क्षेत्र, खोल्यांची मापे, उजेड व वायुवीजन, जिने, आगीच्या वेळचे सुटकेचे मार्ग इ. बाबी तपासतात. मोठ्या इमारतीच्या शेकडो नकाशांत एकच जिना वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळ्या रुंदीचा दाखविला गेला, तर ती विसंगती नजरेतून सुटू शकते. शिवाय दोन तपासनीस एकाच नियमाचा अर्थ दोन प्रकारे लावू शकतात. विलंब, नजरचूक आणि अर्थभेद हे तीन दोष दूर करणे हा संगणकीय पडताळणीचा मुख्य हेतू आहे. त्यांपैकी पहिल्या दोहोंच्या बाबतीत तिला बरेच यश मिळाले आहे. तिसरा दोष मात्र संगणकाने नाहीसा होत नाही, तर उघडा पडतो.

नियमांचे स्वरूप : बांधकामाचे काही नियम मुळातच यंत्राला मानवणारे असतात. १६६६ मधील आगीनंतर लंडन शहराच्या पुनर्बांधणीसाठी १६६७ मध्ये जो कायदा झाला, त्यात घरांचे चार वर्ग पाडून प्रत्येक वर्गाचे मजले आणि भिंतींची विटांतील जाडी ठरवून दिलेली होती. असा नियम कोष्टकात मांडता येतो आणि कोष्टक यंत्राला वाचता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत प्लेगच्या साथीनंतर दाट वस्तीत उजेड व हवा खेळावी म्हणून ६३½ अंशांचा नियम वापरात आला. खोलीच्या बाहेरील मोकळी जागा इतकी असावी की, समोरच्या इमारतीचा माथा ६३½ अंशांच्या तिरप्या रेषेच्या वर येऊ नये, असा त्याचा आशय होता. या कोनाचा स्पर्शगुणक जवळजवळ २ असल्यामुळे मोकळ्या जागेची रुंदी समोरील भिंतीच्या उंचीच्या सुमारे निम्मी ठेवावी लागे. हा शुद्ध भूमितीचा नियम आहे आणि आजच्या कोणत्याही आज्ञावलीस तो क्षणात तपासता येईल.

भारताची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. संहिता स्वतः मार्गदर्शक असून राज्यांच्या व स्थानिक संस्थांच्या नियमांत तिचा अंतर्भाव झाला म्हणजे तिला कायद्याचे बळ येते. वास्तव्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मी. असावी, हा २०१६ च्या आवृत्तीतील नियम एका मोजमापाने निकालात निघतो. त्याच आवृत्तीतील खिडक्यांचा नियम थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. उजेड व हवेसाठी ठेवावयाच्या उघड्या भागाचे खोलीच्या क्षेत्रफळाशी किमान प्रमाण उष्ण व दमट हवामानात एकषष्ठांश, उष्ण व कोरड्या हवामानात एकदशांश, मध्यम हवामानात एकअष्टमांश आणि थंड हवामानात एकद्वादशांश असे दिले आहे. येथे इमारत कोणत्या गावी आहे व ते गाव कोणत्या हवामान-विभागात मोडते, हे प्रतिमानात नोंदविलेले नसेल, तर खिडकीचे क्षेत्रफळ अचूक मोजूनही उत्तर मिळत नाही. याहून पुढच्या पायरीवर ‘पुरेसा’, ‘सोयीस्कर’, ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मते योग्य’ अशा शब्दांनी लिहिलेले नियम येतात. ते सदोष असतात असे नाही. ठिकाण व प्रसंग पाहून निर्णय घेण्यास अधिकाऱ्यास मुभा असावी, म्हणून ते हेतुपुरस्सर सैल ठेवलेले असतात.

निर्णय सारणी : नियमांना तर्कशास्त्रीय रूप देण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न इमारतीच्या प्रतिमानाआधीच झाला. स्टीव्हन फेन्व्हस या अमेरिकी स्थापत्य अभियंत्याने १९६६ मध्ये संरचना-अभिकल्पासाठी निर्णय सारण्यांचा उपयोग मांडला व त्यानंतर अमेरिकेतील पोलादी बांधकामाच्या विनिर्देशांची अशा सारण्यांत पुनर्रचना करण्यात आली. सारणीच्या वरच्या भागात अटी, खालच्या भागात कृती व प्रत्येक उभ्या स्तंभात अटींचे एक संयोजन असते. तीन अटींची उत्तरे होय किंवा नाही अशी असतील, तर आठ संयोजने संभवतात. आठांपैकी एखाद्या संयोजनासाठी नियमात काहीच सांगितलेले नसेल, तर सारणीत रिकामी जागा दिसते. एकाच संयोजनासाठी दोन निरनिराळ्या कृती सांगितल्या असतील, तर अंतर्विरोध दिसतो. अनेक वर्षे रूढ असलेल्या नियमांतही अशा फटी असू शकतात, कारण अनुभवी अभियंता त्या नकळत भरून काढत असतो. नियम यंत्रासाठी लिहू लागताच ते माणसासाठीही अधिक नेमके होतात, हा या कार्याचा कदाचित सर्वांत टिकाऊ लाभ म्हणावा लागेल.

प्रतिमानाचा विकास : इमारत ही रेषांची नव्हे तर घटकांची रचना म्हणून संगणकात साठवावी, ही कल्पना चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ च्या सुमारास ‘इमारत वर्णन प्रणाली’च्या रूपाने मांडली. तथापि प्रत्येक उत्पादकाच्या आज्ञावलीची साठवणीची रीत वेगळी असल्यामुळे एकीत तयार केलेले प्रतिमान दुसरीत उघडत नसे. या अडचणीवर उपाय म्हणून १९९० नंतरच्या दशकात ‘इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस’ (संक्षेपाने आयएफसी) हा सामाईक आराखडा तयार होऊ लागला व २०१३ मध्ये त्याला ‘आयएसओ १६७३९’ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तपासणी करणारे प्राधिकरण कोणा एका उत्पादकावर अवलंबून राहू शकत नाही. म्हणून बहुतेक सार्वजनिक पडताळणी योजनांचा पाया आयएफसी हाच आहे.

पडताळणीची प्रक्रिया : ईस्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तोपर्यंतच्या प्रयत्नांचा आढावा घेऊन प्रक्रियेचे चार टप्पे सांगितले. नियमाचा अर्थ लावून त्याला तार्किक रूप देणे, प्रतिमान तपासणीयोग्य करणे, नियम चालविणे आणि निष्कर्ष कळविणे असे ते टप्पे आहेत. प्रत्यक्ष ‘चालविणे’ हा त्यांतील सर्वांत सोपा भाग होय. प्रयत्न अडतात ते बहुधा पहिल्या दोन टप्प्यांत.

दाराचे उदाहरण घेता येईल. चाकांच्या खुर्चीवरून जाणाऱ्या व्यक्तीस सुलभ अशा दाराची स्पष्ट रुंदी किमान ९०० मिमी. असावी, असे राष्ट्रीय संहिता सांगते. प्रतिमानात दाराची ‘रुंदी’ नोंदविलेली असते; पण ती बहुधा चौकटीसह असते. समजा, ती १,००० मिमी. आहे. चौकटीच्या दोन बाजू प्रत्येकी ६० मिमी. आणि काटकोनात उघडलेल्या झडपेचा मार्गात येणारा भाग ४० मिमी. धरल्यास प्रत्यक्ष जाण्यास उरणारी रुंदी ८४० मिमी. होते. जी आज्ञावली नोंदलेला आकडा तेवढा वाचते ती या दारास मान्यता देईल आणि खुर्ची मात्र अडकेल. ही बाब वरवर क्षुल्लक वाटते. परंतु नियमातील ‘रुंदी’ आणि प्रतिमानातील ‘रुंदी’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे कोणीतरी आधी ओळखून ठेवावे लागते आणि अशा शब्दांची संख्या शेकड्यांत जाते. प्रतिमानात कोणती माहिती कोणत्या नावाने असलीच पाहिजे, हे यंत्राला वाचता येईल अशा रीतीने लिहून देण्यासाठी ‘इन्फर्मेशन डिलिव्हरी स्पेसिफिकेशन’ हे मानक २०२४ मध्ये मान्य करण्यात आले, ते याच गरजेतून.

सुटकेच्या अंतराचा नियम याहून अवघड आहे. संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे अधिक अग्निरोधक, रचनेच्या निवासी इमारतीत कोणत्याही ठिकाणापासून निर्गमापर्यंतचे चालण्याचे अंतर ३० मी.पेक्षा अधिक असू नये. हे अंतर प्रतिमानात कोठेही लिहिलेले नसते, ते काढावे लागते. दोन बिंदूंमधील सरळ रेषा भिंतीतून जाते, म्हणून ती निरुपयोगी असते. खोल्या, दारे व बोळ यांचे एक जाळे तयार करून त्यावरून सर्वांत लहान चालण्यायोग्य मार्ग शोधावा लागतो. ‘सर्वांत दूरचे ठिकाण’ कोणते, हेही प्रत्येक खोलीचे कोपरे तपासून ठरवावे लागते. त्यातच एखादे दार कुलूपबंद राहणारे असेल किंवा एखादी खोली दुसऱ्या भाडेकरूची असेल, तर भूमितीच्या दृष्टीने उपलब्ध असलेला मार्ग आगीच्या वेळी उपलब्ध नसतो. प्रतिमानात या गोष्टी नोंदविलेल्या नसल्यास संगणक निःशंकपणे चुकीचे उत्तर देतो.

या अनुभवावरून वावान सोलिहिन व ईस्टमन यांनी २०१५ मध्ये नियमांचे चार वर्ग केले. पहिल्या वर्गातील नियमांना प्रतिमानात आयती असलेली माहिती पुरते. दुसऱ्यात ती साध्या हिशेबाने काढावी लागते. तिसऱ्यात सुटकेच्या मार्गाप्रमाणे नवी भूमितीय रचना उभारावी लागते. चौथ्या वर्गातील नियमात केवळ साध्य सांगितलेले असते आणि ते साधले आहे याचा पुरावा अभिकल्पकाने द्यावयाचा असतो. आधुनिक संहितांचा कल ठराविक मापे सांगण्याऐवजी साध्य सांगण्याकडे, म्हणजेच चौथ्या वर्गाकडे आहे. नियम माणसाच्या दृष्टीने जसजसे शहाणे होतात, तसतसे ते यंत्राला दुर्बोध होतात, असा हा विरोधाभास आहे.

तिसऱ्या वर्गातील एक यशस्वी उदाहरण अमेरिकेतील संघीय न्यायालयांच्या इमारतींचे आहे. तेथे न्यायाधीश, जनता आणि कोठडीतील आरोपी यांचे मार्ग एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात व ते फक्त न्यायालय-कक्षातच एकत्र यावे लागतात. संघीय इमारतींची जबाबदारी असलेल्या जनरल सर्व्हिसेस ॲड्मिनिस्ट्रेशन या संस्थेसाठी जॉर्जिया तंत्रविद्या संस्थेत ईस्टमन यांच्या गटाने प्रतिमानावरून हे मार्ग तपासणारी प्रणाली तयार केली. प्रत्येक जागेला तिचा सुरक्षा-विभाग जोडलेला असतो; न्यायाधीशाच्या दालनापासून कक्षापर्यंतचा प्रत्येक संभाव्य मार्ग सार्वजनिक विभागाला छेदतो काय, हे संगणक पाहतो. हा नियम नेमका होता, इमारतींचा प्रकार एकच होता आणि मागणी करणारी संस्था स्वतः मालक होती. या तीन गोष्टी एकत्र येणे दुर्मिळ असते.

देशोदेशींचे प्रयत्न : या क्षेत्रातील सर्वांत दीर्घ अनुभव सिंगापूरचा आहे. तेथे १९९५ मध्ये ‘कोरनेट’ ही बांधकाम क्षेत्राच्या संगणकीकरणाची योजना सुरू झाली. आरंभी द्विमितीय नकाशे तपासण्याचा प्रयोग झाला. २००० नंतर आयएफसी प्रतिमानांवर चालणारी ‘ई-प्लॅनचेक’ ही प्रणाली विकसित करण्यात आली. आयएफसीमधील माहिती नियमांच्या भाषेपेक्षा बरीच प्राथमिक पातळीवरची असते, हे ओळखून तिच्यावर ‘फोरनॅक्स’ नावाचा मधला थर बसविण्यात आला. नियमाला हवे असलेले प्रश्न या थरातील घटकांना विचारता येत. कल्पना चांगली होती. परंतु नियम आज्ञावलीतच गुंफलेले असल्यामुळे नियम बदलला की आज्ञावलीकाराची गरज लागे आणि त्या काळी प्रतिमानावर काम करणाऱ्या वास्तुविशारदांची संख्याही थोडी होती. त्यानंतर सिंगापूरने वेगळा क्रम धरला. २०१३ पासून मोठ्या इमारतींची वास्तुशास्त्रीय प्रतिमाने दाखल करणे सक्तीचे केले व २०१५ पर्यंत ही सक्ती ५,००० चौ. मी.हून अधिक क्षेत्राच्या सर्व नव्या प्रकल्पांपर्यंत व अभियांत्रिकी प्रतिमानांपर्यंत वाढविली. म्हणजे आधी प्रतिमाने तयार होऊ दिली आणि मग पडताळणी हाती घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘कोरनेट एक्स’मध्ये निरनिराळ्या नियामक संस्था एकाच समन्वित प्रतिमानावर अभिकल्प, पाया आणि बांधकाम अशा तीन टप्प्यांत विचार करतात. ३०,००० चौ. मी. व त्याहून मोठ्या नव्या प्रकल्पांना ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झाली.

नॉर्वे, ऑस्ट्रेलिया व दक्षिण कोरिया येथेही असे प्रयोग झाले. त्यांपैकी नॉर्वे व ऑस्ट्रेलियातील आरंभीच्या प्रयोगांत अपंगांसाठीच्या सुलभतेच्या नियमांवर विशेष भर होता, कारण ते नियम मापांनी बांधलेले असतात. फिनलंडमध्ये १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सोलिब्री या कंपनीची आज्ञावली खाजगी व्यवसायात बरीच रुळली. अमेरिकेच्या इंटरनॅशनल कोड कौन्सिलने २००६ मध्ये ‘स्मार्टकोड्स’ हा प्रकल्प हाती घेतला. नियमाच्या मूळ मजकुरातील शब्दसमूहांवरच खुणा करून त्यांचे तार्किक रूप काढण्याची ही रीत होती; काही वर्षांनी तो प्रकल्प थांबला. तथापि तिच्यातून निक निस्बेट व आयलिफ येल्सेथ यांची पद्धत पुढे आली. तीत प्रत्येक कलमाचे आवश्यकता, व्याप्ती, निवड आणि अपवाद असे चार भाग केले जातात. मसुदा लिहिणाऱ्या विधिज्ञास आज्ञावली न शिकता ही रीत वापरता येते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्रात संगणकीय छाननीची सुरुवात प्रतिमानावरून नव्हे, तर द्विमितीय संगणकीय नकाशावरून झाली. पुण्यातील सॉफ्टटेक इंजिनियर्स या कंपनीने विकसित केलेल्या ‘ऑटोडीसीआर’ या आज्ञावलीचा त्यात मोठा वाटा आहे. या पद्धतीत भूखंडाची हद्द, सामासिक अंतरे, बांधीव क्षेत्र, खोल्या, जिने हे प्रत्येक ठरवून दिलेल्या निराळ्या स्तरावर व ठरलेल्या नावाने काढावे लागतात. आज्ञावली बंद आकृत्यांची क्षेत्रफळे व अंतरे मोजून चटई क्षेत्र निर्देशांकासह सर्व तक्ता तयार करते. येथे अर्थ रेषेत नसून स्तराच्या नावात असतो. त्यामुळे खोली चुकून नलिकामार्गाच्या स्तरावर काढली गेल्यास यंत्र तिला नलिकामार्गच समजते.

राज्यातील निरनिराळ्या नगरपालिका व महानगरपालिकांचे नियम पूर्वी वेगवेगळे होते. डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळून उर्वरित राज्यासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. पूर्वीच्या अनेक नियमावल्यांत सज्जे व तत्सम भाग विशिष्ट मर्यादेपर्यंत चटई क्षेत्रातून वगळले जात आणि या सवलतींचा हिशेब हे वादाचे कायमचे स्थान असे. नव्या नियमावलीत मजल्यावरील बांधकामाच्या बाह्य परिघाची ‘पी-रेषा’ हा मोजणीचा आधार मानला आहे. पडताळणी सुलभ होते ती केवळ आज्ञावली सुधारल्याने नव्हे, तर नियम साधा केल्यानेही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मर्यादा व जबाबदारी : पडताळणी होते ती प्रतिमानाची, इमारतीची नव्हे. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीस लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. नूतनीकरणात बाहेरून बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या संमिश्र तक्त्यांतील पॉलिएथिलीनच्या गाभ्यामुळे आग वेगाने पसरली. भिंतीवर नेमके कोणते द्रव्य बसले याची नोंद विश्वसनीय नसेल, तर प्रतिमानातील कोणतीही तपासणी व्यर्थ ठरते. या दुर्घटनेनंतर ज्युडिथ हॅकिट यांनी २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात अभिकल्पापासून वापरापर्यंत इमारतीच्या माहितीचा अंकीय ‘सुवर्णधागा’ अखंड ठेवावा, अशी शिफारस केली व ब्रिटनच्या २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्यानंतर उंच निवासी इमारतींच्या बाबतीत ते बंधन आले.

यंत्राच्या चुका दोन प्रकारच्या असतात. निर्दोष आराखडा सदोष ठरविला गेला, तर वेळ जातो व वास्तुविशारद तक्रार करतो, त्यामुळे ती चूक सापडते. सदोष आराखडा निर्दोष ठरला, तर कोणीच तक्रार करीत नाही. म्हणून ‘अनुरूप’ व ‘अननुरूप’ यांच्या जोडीला ‘माहिती अपुरी, माणसाने पाहावे’ असे तिसरे उत्तर देणारी प्रणाली अधिक सुरक्षित मानतात. नियमांच्या मजकुरातून तार्किक रूप आपोआप काढण्याचे संशोधन २०१० नंतर इलिनॉय विद्यापीठात जियानसाँग झांग व नोरा एल्-गोहारी यांनी पुढे नेले आणि अलीकडे त्यासाठी मोठ्या भाषा-प्रतिमानांचाही उपयोग करून पाहिला जात आहे. अशी प्रतिमाने मसुदा झटपट तयार करतात. परंतु ‘परंतु’, ‘व्यतिरिक्त’ किंवा ‘यथास्थिती’ यांसारख्या एका शब्दाची व्याप्ती चुकली तरी नियम उलटा होतो. त्यामुळे तज्ज्ञाने तो तपासल्याखेरीज वापरता येत नाही.

अनेक ठिकाणी संगणकाचा अहवाल हा शिफारशीच्या स्वरूपात राहतो. परवानगीवर स्वाक्षरी अधिकाऱ्याची आणि आराखड्यावर वास्तुविशारदाची व संरचना अभियंत्याची असते. यातून अभिलेखांचा एक व्यावहारिक प्रश्न निर्माण होतो. आराखडा ज्या तारखेच्या नियमांनुसार मंजूर झाला, त्या नियमांचे यंत्ररूपही त्या तारखेच्या नोंदीसह जतन करावे लागते. अन्यथा दहा वर्षांनी वाद उपस्थित झाल्यास त्या वेळी यंत्राने नेमके काय तपासले होते, हे दाखविता येत नाही. छापील राजपत्राची जुनी प्रत ग्रंथालयात सापडते. जुनी आज्ञावली चालू स्थितीत ठेवण्याची व्यवस्था मात्र प्राधिकरणाला मुद्दाम करावी लागते.